मधला कप्पा

आमच्या घरातल्या फ्रीजचं दार लागत नाही. हे ऐकून लोक हसतात, कारण आमचं फ्रीज दुरुस्तीचंच दुकान आहे. खाली दुकान, वर घर. सासऱ्यांनी उभा जन्म दुसऱ्यांचे फ्रीज बरे करण्यात घालवला. मिस्त्रींनी एकदा हात लावला की त्या फ्रीजची पुन्हा तक्रार येत नाही, असं सगळे म्हणतात. आणि त्याच मिस्त्रींच्या डोक्यावर, बरोबर वरच्या मजल्यावर, त्यांच्या बायकोनं स्वतःच्या फ्रीजचं दार कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधून ठेवलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अहो, त्या दाराचं रबर बदला," असं सासूबाई रोज म्हणतात.

"बघतो," असं सासरे रोज म्हणतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून ते बघतायत.

बरं, दार लागत नाही याला एकटं रबरच जबाबदार आहे असंही नाही. सासूबाईंच्या फ्रीजमध्ये बोट शिरायला जागा नसते. वाटीवर वाटी, वाटीवर ताटली, ताटलीवर पुन्हा अर्धं लिंबू. कुठल्या वाटीत काय आहे ते त्या डोळे मिटून सांगतील. ते अर्धं लिंबू जरी इकडचं तिकडे झालं, तरी घरातल्या प्रत्येकाची चौकशी बसते.

एवढं फ्रीजपुराण सांगायचं कारण म्हणजे मला एक इंजेक्शन लपवायचं होतं.

माझी पाळी स्वतःच्या मर्जीनं येते. कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी, आणि कधी आलीच तर जायचं नाव घेत नाही. याला पीसीओएस म्हणतात हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशय दाखवलं होतं. त्यात सगळे बारीक बारीक ठिपके, आणि एकही धड मोठा व्हायला तयार नाही. ठिपके वाढत नाहीत, हनुवटीवरचे केस मात्र वाढतात. वजनाबद्दल तर विचारूच नका, कारण न विचारताच सगळे बोलतात. एकदा एक गिऱ्हाईक फ्रीजचा थर्मोस्टॅट घेऊन आलं आणि मला संध्याकाळी चालायला जात जा म्हणून सांगून गेलं. मी त्याला थर्मोस्टॅट बघायचीही मजुरी लावली.

हे सगळं घरात सांगून टाकायचं की, असं तुम्ही म्हणाल. सांगितलं नाही, त्याला कारण आहे. लग्नानंतर माझी पाळी पहिल्यांदा लांबली तेव्हा सासूबाईंनी मला काही न विचारता सगळ्या नातेवाइकांत बातमी फिरवली. मी नाही नाही म्हणत होते, त्यांना तो माझा लाजाळूपणा वाटला. नवऱ्याच्या मावशींनी तर पिवळ्या लोकरीची टोपी विणून पाठवली, एवढीशी, वर गोंडा. मग पाळी आली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि जणू मीच कुणाला फसवलंय अशी मी घरात वावरले. पुढच्या वर्षी मावशींनी टोपी परत मागून नेली, दुसऱ्या भाचीकडे लागत होती म्हणून. तेव्हाच ठरवलं, यापुढे माझ्या पोटातली गोष्ट माझ्या पोटात. फक्त नवऱ्याला सांगायचं.

नवऱ्याला सगळे थंड्या म्हणतात, मीसुद्धा. घराला आग लागली तरी हा आधी चप्पल शोधेल. पण गोळ्यांचं वेळापत्रक त्यानं पाठ केलं, दवाखान्यात दर वेळी बरोबर आला, आणि पहिले काही महिने पडद्यावर ठिपकेच दिसत राहिले तेव्हा घरी येताना एकदाही "होईल गं" म्हणाला नाही. हे न म्हणणं मला फार आवडलं.

मग या वेळी, गोळ्या दोनदा वाढवल्यानंतर, एक ठिपका मोठा झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघा. अठरा मिलिमीटर." त्यांनाही आनंद झाला होता.

"आपल्या सगळ्यात जाड तांब्याच्या नळीएवढं झालं की गं!" थंड्या म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

पुढचं साधं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर आठला पोटात एक इंजेक्शन घ्यायचं, त्यानं अंडं सुटतं. मग इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचं, तिथे नवऱ्याचं बीज नळीतून आत सोडतात. बाकी नशिबाच्या हाती. सिस्टरनी इंजेक्शनचं खोकं बर्फाच्या पिशवीत घालून दिलं आणि म्हणाल्या, "दोन ते आठ डिग्रीच्या मध्येच ठेवायचं हं. घरचा फ्रीज चांगला आहे ना?"

मी थंड्याकडे बघितलं. थंड्यानं छताकडे बघितलं.

घरच्या फ्रीजचा प्रश्नच नव्हता. पण खाली दुकानात फ्रीजना काय तोटा? सासऱ्यांचा एक नियम आहे. दुरुस्त झालेला फ्रीज लगेच द्यायचा नाही. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि एक थर्मामीटर ठेवून तो दोन दिवस चालवून बघायचा, मगच गिऱ्हाइकाकडे पाठवायचा. त्यामुळे दुकानात कायम चारपाच फ्रीज रांगेत घुरघुरत असतात. त्यातला पांढरा त्याच दिवशी सकाळी लावलेला होता, म्हणजे इतक्यात जाणार नव्हता. मी खोकं त्याच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवलं, दारावर "नेऊ नये" अशी चिठ्ठी चिकटवली आणि निवांत झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला हिशेब आवरून मी पांढरा फ्रीज उघडला. ट्रे रिकामा होता.

थंड्या कोपऱ्यात हात पुसत उभा होता. मी त्याला खुणेनं बोलावलं. सासरे पलीकडे कॉम्प्रेसरला कान लावून बसले होते.

"खोकं कुठंय?"

"हलवलं की. दुपारी बघितलं तर या पांढऱ्यात आकडा आठाला टेकत होता. म्हटलं, आपलं इंजेक्शन बिघडायला नको. हिरव्यात ठेवलं. तो एकदम पक्का आहे, पाचाच्या वर जात नाही."

मला त्याचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं. मग मी रांगेकडे बघितलं. हिरवा फ्रीज जिथे असायचा तिथे फरशीवर एक चौकोनी डाग होता.

"थंड्या, हिरवा कुठंय?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"मुख्याध्यापिका बाईंकडे," तो म्हणाला. "बाबा म्हणाले दोन दिवस झाले, देऊन ये. मी... पाच वाजता मीच देऊन आलो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी म्हण आहे. आमच्या यांनी तर कळसाच पाठीवर घेतला, तीन जिने चढवला आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दाराला चिकटपट्टी लावतानासुद्धा याला आठवलं नाही. मला इतका राग आला की पांढऱ्याच्या दारावरची ती चिठ्ठी मी टराटरा फाडली.

दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, आज दुसरं मिळणं कठीण, औषधवाल्याकडे नवा माल उद्या दुपारी येईल. तेच शोधा. आठ डिग्रीच्या वर गेलं असेल तर टोचू नका, आधी मला फोन करा. आणि वेळ चुकवू नका, अंडं काही आपल्यासाठी थांबत नाही.

आम्ही स्कूटरवर बसलो. रस्ताभर मी थंड्याच्या पाठीकडे बघत होते. याच पाठीवरून गेला तो फ्रीज. वर्षभर गोळ्या, सुया, सोनोग्राफी, आणि एक ठिपका. तो परत येईलच याची काही खात्री नव्हती. सिग्नलला मी रडत होते आणि शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता. बघू दे म्हटलं.

मुख्याध्यापिका बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण त्यांच्या अंगातली शाळा सुटलेली नाही. दार उघडून त्यांनी आम्हाला पायपुसणं दाखवलं. स्वयंपाकघरात हिरवा फ्रीज भिंतीला टेकून उभा, प्लग बाहेर लोंबतोय. समोर खुर्ची, खुर्चीवर पुस्तक पालथं. म्हणजे बाई फ्रीजसमोर पहाऱ्याला बसल्या होत्या.

"बाई, जरा फ्रीज उघडायचाय," थंड्या म्हणाला.

"नऊनंतर."

"अं?"

"मिस्त्रींचा फोन आला होता. फ्रीज हलवल्यावर चार तास हात लावायचा नाही. पाचला आलाय, नऊला उघडणार."

सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला असा फोन करतात. हलवलेल्या फ्रीजला लगेच वीज दिली तर कॉम्प्रेसर जातो, म्हणून. एरवी मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

"बाई, लावायचा नाहीये. नुसतं दार उघडायचंय. मी त्यांचाच मुलगा."

"हो, तेही सांगितलंय त्यांनी," बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "म्हणाले, माझा मुलगा आला आणि घाई करायला लागला तरी ऐकू नका. यानं मागे एकदा लवकर चालू करून एक कॉम्प्रेसर जाळलाय."

थंड्यानं मान खाली घातली. ते खरं होतं.

मी घड्याळाकडे बघितलं. साडेसात व्हायला आले होते. बाईंना बाजूला करून दार उघडावं असा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण बाईंनी हात मांडीवर असे ठेवले होते की त्यांना हलवणं म्हणजे ज्यांच्यासमोर आपण सातवीची परीक्षा दिली त्या माणसाला ढकलण्यासारखं वाटलं असतं. मीच फोन लावला. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर लावला.

"बाबा, बाईंना सांगा फ्रीजचं दार उघडू द्यायला."

"का?" सासऱ्यांचा आवाज. मागे कॉम्प्रेसरची घरघर.

थंड्या घाईनं पुढे वाकला. "आत माझा पान्हा राहिलाय, बाबा."

"कुठला पान्हा? सगळे इथं माझ्यासमोर टांगलेत."

"म्हणजे पान्हा नाही. माझा डबा."

"डबा मघाशी मी धुतला."

बाई थंड्याकडे असं बघत होत्या की आता याला बाकावर उभं करणार. खोटं बोलायला जी अक्कल लागते ती माझ्या नवऱ्याकडे नाही, आणि हेही एरवी मला आवडतं.

लग्नापासून सासरे आणि मी फक्त फ्रीजबद्दल बोललो. गॅस भरला का, बिल दिलं का, मोटार कुणाची. त्यांनी मला कधी दुखावलं नाही, कारण त्यांनी मला कधी काही विचारलंच नाही. मी फोन तोंडाजवळ धरला.

"बाबा, माझं इंजेक्शन आहे त्या फ्रीजमध्ये. मूल व्हावं म्हणून घेतेय. वर्षभर औषधं चालू आहेत, तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. या वेळी पहिल्यांदा जमलंय. आज आठला घ्यायचंय आणि दुसरं मिळत नाहीये."

पलीकडे कॉम्प्रेसर बंद केल्याचा खटका ऐकू आला. बाईंनी कानामागचा हात हळूच खाली घेतला, म्हणजे त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"कुठं ठेवलंय?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज तोच, बिघाड विचारतानाचा.

"भाजीच्या ट्रेमध्ये."

"बाटल्या आणि थर्मामीटर काढले होते का नेताना?"

थंड्याचा आवाज अगदी बारीक झाला. "नाही. विसरलो, बाबा."

"शंभरदा सांगितलंय रिकामा करून न्यायचा म्हणून." सासरे थांबले. "बरं झालं विसरलास. गार बाटल्यांनी आत थंडावा धरला असेल. बाई, मघापासून दार एकदा तरी उघडलंत का?"

"तुम्ही सांगितलं होतं नाही म्हणून," बाई म्हणाल्या. त्यांचा थोडा अपमान झाला होता.

"छान. आता उघडा. पोरा, दार सताड उघडू नको. आधी थर्मामीटर बघ, आकडा मला मोठ्यानं सांग."

थंड्यानं चिकटपट्टी काढली, दार वीतभर उघडलं, आणि आत डोकं घातलं. मी देवाला काही कबूल करणारी बाई नाही. पण त्या क्षणी मी अर्ध्या देवांना काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

"सात!"

"घे काढून," सासरे म्हणाले, आणि फोन ठेवला. एवढंच.

घरी पोचायला वेळ नव्हता. बाईंनी मला त्यांच्या झोपायच्या खोलीत नेलं, पलंगावरची पुस्तकं उचलली, हात धुवायला साबण दिला. मी सुई लावली, पोटाची चिमूट धरली. थंड्या एवढे फ्रीज खांद्यावर उचलतो, पण सुई त्याला बघवत नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरून माझ्यासमोर.

"अजून एक मिनिट आहे," त्या म्हणाल्या. "वेळेआधी नाही."

"बाई, एका मिनिटानं काही..."

"वेळेआधी नाही."

आम्ही तिघं थांबलो. मग बाईंनी हात खाली केला, आणि इतकी वर्षं वर्गात म्हणत आल्या असतील तशा म्हणाल्या, "झाली वेळ. करा सुरुवात."

मी केली. टोचलं, काही वाटलं नाही, आणि मग मी हसायला लागले. हसता हसता कधी रडू आलं ते कळलं नाही. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. चहा केला, साखर जरा जास्त घातली. निघताना मात्र त्यांनी थंड्याला जिन्यात गाठलं.

"दार उघडलं ना मध्येच. आता पुन्हा चार तास धरायचे की नऊलाच लावायचा?"

आम्ही घरी आलो तर जिन्यातच सासूबाईंचा आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरात सगळ्या वाट्या ओट्यावर, टेबलावर, खुर्चीवर मांडलेल्या. मध्ये जमिनीवर सासरे मांडी घालून बसलेले, आणि आमच्या फ्रीजच्या दाराचं रबर बदलत होते.

"याला काय झालंय ते सांगा मला," सासूबाई आम्हाला बघून म्हणाल्या. "इतकी वर्षं घसा कोरडा केला तेव्हा बघतो म्हणाला हा माणूस, आणि आज न सांगता वर आला, पेटी उघडली. मी विचारतेय, छातीत दुखतंय का? डॉक्टरनं काही सांगितलंय का? बोलतच नाही. माणूस जायच्या आधी असं करतो म्हणतात."

"मी काही मरत नाहीये," सासरे म्हणाले.

"मग रबर का बदलताय?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारत होते. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी नको म्हटलं असतं तर त्या रात्री बायकोच्या शंभर प्रश्नांखाली ते गप्पच बसले असते, याबद्दल माझी खात्री आहे. मीच सांगितलं. पीसीओएस, ठिपके, गोळ्या, हिरवा फ्रीज, सगळं. आणि टोपीचंसुद्धा सांगितलं. म्हटलं, आई, त्या टोपीनंतर मला तुम्हाला काही सांगायची भीती वाटते.

सासूबाई हातात अर्धं लिंबू घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर फोनकडे धावतील.

"त्या मावशीनं टोपी परत नेली तेव्हा तिच्याशी मी चार महिने बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुला माहीत नाही ते." मग नवऱ्याकडे वळल्या. "नीट बसवा ते रबर. सगळीकडून."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. जे व्हायचं ते पाच मिनिटांत झालं. मग वाट बघायची. त्या दिवसांत घरात कुणी मला काही विचारलं नाही. सासूबाईंना ते किती जड गेलं असेल ते त्यांच्या भांडी आपटण्यावरून कळत होतं.

आणि मग माझी पाळी आली. अगदी वेळेवर, ज्या आठवड्यात यायला हवी त्याच आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, औषध लागू पडतंय, पुढच्या महिन्यात पुन्हा करू. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून हमसून हमसून रडले. लक्षण चांगलं होतं, पण मला लक्षण नको होतं, मूल हवं होतं.

बाहेर आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या. मलाही समोर बसवून जेवायला लावलं.

आता आमच्या फ्रीजचं दार इतकं घट्ट लागतं की एका हातानं उघडत नाही, आणि सासूबाईंना त्याचाही त्रास होतो. पण खरी गंमत आतली आहे. त्यात अजूनही वाटीवर वाटी, ताटलीवर अर्धं लिंबू. फक्त मधला कप्पा रिकामा असतो. स्वच्छ पुसलेला, आत सासऱ्यांचा थर्मामीटर. त्यावर साधी कोथिंबिरीची काडीही ठेवायची कुणाची हिंमत नाही.

परवा मावशी आल्या होत्या. त्यांनी आणलेलं दुधाचं पातेलं ठेवायला फ्रीज उघडला आणि म्हणाल्या, "अगं, इथं एवढी जागा रिकामी आहे की."

"रिकामी नाहीये," सासूबाई म्हणाल्या, आणि पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तिथं ठेवायचं नाही. ती जागा धरून ठेवलीय."